विटेचा शेक

माझे बाबा अकोल्याच्या धान्यबाजारात हमाल होते. ज्या हिवाळ्यात त्यांचा उजवा पाय राहतो की जातो अशी वेळ आली, त्या हिवाळ्यात मी अमरावतीला एका संघटनेच्या कार्यालयात बसून लोकांच्या दुःखावर पत्रकं लिहीत होते. हे आधीच सांगून टाकते. पत्रकात मुद्दा पहिल्या ओळीत यावा लागतो, ती सवय गेलेली नाही.

शेतकऱ्यांच्या आत्महत्यांची ती वर्षं तुम्हाला ठाऊक असतील. बाहेरून गाड्या यायच्या, कॅमेरे यायचे, अभ्यास करणारे यायचे. त्यांना शेत दाखवावं लागे, घर दाखवावं लागे, घरातलं रडणं दाखवावं लागे. पीक बुडालं की त्याच्यामागून जे जे बुडतं त्याची चौकशी कोणी करत नसे. माल नाही तर पोतं नाही, पोतं नाही तर हमालाची पाठ रिकामी. हे मी संघटनेच्या बैठकीत बोलले. आमचे एक ज्येष्ठ कार्यकर्ते होते, त्यांना सगळे दादा म्हणत. ते म्हणाले, "मुद्दा बरोबर आहे. पण वाचणाऱ्याला पहिल्याच ओळीत दुखलं पाहिजे. हमालाचं नेमकं कुठं दुखतं ते विचारून ये."

मी एसटीने अकोल्याला गेले. बाबा जेवत बसले होते. विचारलं, "बाबा, तुमचं कुठं कुठं दुखते?"

त्यांनी घास खाली ठेवून खरंच विचार केला. म्हणाले, "कुठीच नाई."

"असं कसं? पाठ?"

"पाठीले काय होते? पाठ मुकी हाये मायी."

माय चुलीपाशी होती. "तोंडबी तसंच असतं तं बरं झालं असतं," ती म्हणाली.

पाठ मुकी आहे हे खरं होतं. लहानपणी आमचा एक खेळ होता. बाबा बाजारातून आले की ओसरीवर पालथे पडायचे, मी त्यांच्या पाठीवरून चालायचे, आणि चालून झालं की पाठीवर बोटं टेकवून विचारायचे, "किती?" दोन बोटं जवळजवळ ठेवली की ते हमखास म्हणायचे, "एक." तीन ठेवली तरी एक. चांगली वीतभर लांब नेली तेव्हा कुठे दोन. माझी पाठ घेतली की मीही फसायचे, पण तळहातावर कोणी फसत नसे. तिथे तुरीचे दोन दाणे शेजारी ठेवले तरी डोळे मिटून दोन सांगता यायचे. निदान माझ्या तळहातावर यायचे. माय म्हणायची, "एवढी मोठी पाठ देल्ली देवानं, अन अक्कल पाहा किती देल्ली." तिचा देवावर विश्वास नव्हता. आमच्या घरात कोणाचाच नव्हता. पण बाबांना चिडवायला तो तिला चालायचा.

पुढे मला कळलं की यात बाबांच्या पाठीचा काही दोष नाही. सगळ्यांच्याच पाठी अशा. कातडी अंगभर एकच दिसते, पण तिच्या आत खबर नेणाऱ्या तारा सारख्या वाटलेल्या नाहीत. बोटांच्या टोकांना, ओठांना, जिभेला दाटीवाटीने दिलेल्या. पाठीला, मांडीला विरळ. ओठावर बसलेली माशी लगेच कळते आणि पाठीवर मुंगळा किती तरी चालत जातो. मी ऐकलं तेव्हा मला पहिल्यांदा राज्याचा सिंचनाचा नकाशाच आठवला, तिकडे दाटी आणि आमच्याकडे विरळ. पण राग धरणार कोणावर?

पाठीचं सोडा. गोष्ट पायांची आहे.

बाबांना शुगर होती. गोळ्या सरकारी दवाखान्यातून मिळायच्या, आणि ते त्या घ्यायचे अंग गळाल्यासारखं वाटलं तर. बरं वाटत असताना औषध खाणं त्यांना फालतूपणा वाटे. त्या हिवाळ्याच्या आधीपासून त्यांच्या पायांना मुंग्या येत होत्या. मग पाय गार पडल्यासारखे वाटायला लागले. हात लावला तर गार नसायचे, पण त्यांना वाटायचे. मधूनच तळव्यांची आग व्हायची. म्हणजे बघा, जो पाय काटा रुतल्याची खबर देत नव्हता, तो काहीही झालेलं नसताना आग आग म्हणून ओरडत होता. खोटी खबर चालू आणि खरी बंद. मी वर्तमानपत्रांवर अशीच एक ओळ एकदा लिहिली होती, ती दादांनी कापली.

गार पायांवर आमच्याकडे एकच इलाज. वीट चुलीच्या तोंडाशी तापत ठेवायची, फडक्यात गुंडाळायची आणि पायाखाली घ्यायची. मायच्या गुडघ्यांना ती वीट कितीदा तरी लागू पडली होती. घरात त्या विटेला मान होता. तिच्यावर दुसरं काही ठेवलेलं मायला चालायचं नाही.

माय बाजाराजवळच्या एका खानावळीला भाकरी करून द्यायची. मागच्या अंगणात चूल, परात, आणि सकाळ-संध्याकाळ ज्वारीच्या भाकरींची थप्पी. मी जन्मले तेव्हापासून हेच बघितलं. चुलीतून निखारा बाहेर पडला की ती चिमटा शोधत बसत नसे, दोन बोटांनी उचलून आत टाकायची. शेजारच्या बायका बघून शहारायच्या. ती म्हणायची, "काई होत नाई वो. हात शिकले आता."

तर बाजाराला सुट्टी होती त्या दुपारी बाबांनी शेक मागितला. मी तिथे नव्हते. दोघांनी मला नंतर वेगवेगळं सांगितलं, पण त्यात एक वाक्य सारखं होतं: गरम नव्हती. मायने वीट गुंडाळली, वरून तळहात दाबून पाहिला, तिला कोमट लागली. बाबांच्या पायाखाली ठेवली, त्यांना काहीच लागलं नाही. ते म्हणाले, "अजून तापव, अंगाले लागून नाई राह्यली." तिने अजून तापवली. फडक्याचा एक पदरही कमी केला. पुन्हा तळहात लावला. "आता ठीक हाये," ती म्हणाली. बाबा त्या विटेवर पाय ठेवून छान झोपले.

दोघंही खरं बोलत होते. हेच मला पुढे कितीतरी दिवस पचलं नाही. एकाचे तळवे शुगरने झोपलेले, दुसरीचे तळहात तव्याने शिकवलेले, आणि मधे वीट. खबर देणारं तिथे कोणीच नव्हतं.

फोड आले, फुटले. बाबा बाजारात जात राहिले. ट्रकला लावलेल्या फळीवरून पोतं घेऊन चढताना चप्पल सटकते म्हणून हमाल अनवाणीच चढतात. बाबांच्या मागे त्यांचा जोडीदार असायचा. दोघांनी एकाच वर्षी हमालीचा बिल्ला घेतलेला, एकाच बिडीतून ओढलेलं. मी त्यांना चाचा म्हणायचे. फळीवर ओले ठसे दिसले ते चाचांना. त्यांना वाटलं कोणाचा पाण्याचा लोटा सांडला. मग ठसे बाबांच्या पायामागे चालत गेलेले दिसले.

त्यांनी अमरावतीला आमच्या कार्यालयात फोन लावला. "बेटी, तू येऊन जा. तुह्या बापाच्या पायातून पाणी गयून राह्यलं, अन हा म्हणते काई नाई. मी म्हटलं, अबे बस खाली. बसत नाई. आता त्याच्या पोत्यावर मीच बसलो हाओ."

मागून बाबांचा आवाज आला, "काहून पोरीले घाबरवतं बे? दुखत नाई म्हटलं न."

चाचा फोनमध्येच म्हणाले, "हेच तं. दुखत असतं तं मी फोन लावला असता का?"

बडनेऱ्याहून गाडी पकडली. वाटेत मूर्तिजापूर येईपर्यंत मी डोक्यात पत्रक लिहून काढलं होतं. हमालाला बूट नाहीत, तपासणी नाही, आजारी रजा नाही, गोळ्या कशा घ्यायच्या हे सांगणारं कोणी नाही. आरोपींची यादी लांबत गेली, आणि त्यातलं एक नाव खोटं नव्हतं. फक्त त्यातल्या कोणाच्याही हातात वीट नव्हती.

सरकारी दवाखान्यात शिकाऊ डॉक्टर होती, माझ्याच वयाची, बोलण्यावरून पश्चिम महाराष्ट्रातली, घाटाकडची. तिने पाय पाहिला आणि तिचा चेहरा जरा बदलला. उजवा अंगठा काळपट पडला होता. मला बाजूला घेऊन म्हणाली, "अंगठा वाचणार नाही. संसर्ग वर चढला नाही तर पाऊल वाचेल. चढला तर गुडघ्याखालून काढावा लागेल. दोन-चार दिवसांत कळेल." तिने ते इतक्या सरळ सांगितलं की मला ती आवडली.

मग ती बाबांपाशी आली. तिच्याकडे एक बारीक नायलॉनचा धागा होता, काडीला अडकवलेला. "काका, डोळे मिटा. हा धागा पायाला लागला की हो म्हणायचं."

बाबांनी डोळे मिटले. तिने डाव्या टाचेला धागा लावला. शांत. मग बोटाला लावला. शांत. तेवढ्यात बाबा म्हणाले, "हो."

धागा हवेत होता.

थोडं थांबून पुन्हा, "हो." मग, "हो, हो, लागला."

डॉक्टरने माझ्याकडे पाहिलं. तिला हसू येत होतं. "काका, मी अजून लावलाच नाही."

"लावा मंग," बाबा डोळे मिटूनच म्हणाले.

माय उभी होती. "अवो, खरं सांगा न. परीक्षा हाये का?"

"परीक्षाच तं हाये," बाबा म्हणाले. "नापास झालो तं पाय कापतीन."

डॉक्टरने धागा वर नेत नेत पोटरीपर्यंत आणला. नडगीच्या अर्ध्यावर बाबांचा आवाज बदलला. "हो" असं म्हणाले, पण हळू, दचकल्यासारखं. तिने तिथे पेनाने रेघ मारली. दुसऱ्या पायावरही जवळपास तेवढ्याच उंचीवर रेघ आली. दोन्ही पायांत मोजे घातल्यासारखं दिसत होतं. तिने समजावलं की तारा जितक्या लांब तितक्या आधी जातात, म्हणून सुरुवात पायाच्या बोटांपासून होते. वर चढत चढत गुडघ्याच्या आसपास आलं की मग हाताच्या बोटांची पाळी.

"म्हणजे रेघेखाली काई नाई," बाबा म्हणाले.

"पाय आहे. खबर येत नाही."

"मुका," बाबा म्हणाले. "पाठीसारखा."

"पाठ मुकी नाही हो काका, जाडी आहे नुसती. पाठीला चटका बसला असता तर तुम्ही ओरडला असता."

मग तिने मायला विचारलं, वीट किती तापली होती, बघितली कशी? मायने उजवा तळहात पुढे केला. असा. डॉक्टरने तोच धागा मायच्या तळहातावर टेकवला, वाकेपर्यंत दाबला. माय तिच्याकडे बघत राहिली, लावण्याची वाट बघत. बोटांच्या टोकांवर तेच. मग डॉक्टरने तिची बाही सरकवून कोपराच्या आतल्या बाजूला धागा नुसता फिरवला आणि मायने हात झटकला. "गुदगुल्या होते न बाप्पा."

"इथे बघायचं असतं," डॉक्टर म्हणाली. "इथली कातडी पातळ असते."

"मले मालूम हाये," माय म्हणाली. "हिले न्हाऊ घालो तवा कोपरानंच पाणी पाहो मी." तिने माझ्याकडे बोट केलं. "लेकराचं असते तसं. एवढ्या मोठ्या माणसाले कोण कोपर लावते?"

मग ती भिंतीकडे बघत म्हणाली, "मीच भाजलं त्याईले."

मी तोंड उघडलं. माझ्याकडे यादी तयार होती, मूर्तिजापूरपर्यंत पूर्ण झालेली. पण मायचा तळहात अजून तसाच उघडा होता, आणि त्या हाताला मी बाजार समिती, आरोग्य खातं सांगणार होते. बाबाच म्हणाले, "तू नाई. मीच म्हटलं अजून तापव."

अंगठा आणि शेजारचं बोट काढलं. पाऊल राहिलं. ते काही दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही. वॉर्डात दिवसभर बसून माणूस थकतो, आणि काहीही न करता थकतो, त्याचा जास्त राग येतो. चाचा डबा घेऊन यायचे आणि बाबांच्या पायाशी बसून बाजाराच्या गप्पा सांगायचे, कोणाचा माल आला, कोणाचा भिजला. एकदा म्हणाले, "आता तू फळी चढणार नाईस. मग मायापुढं कोण चालीन?" बाबा म्हणाले, "तू पुढं पाहून चाल."

याच दिवसांत मी दादांना पत्रक नेऊन दिलं. पहिल्या ओळीत लिहिलं होतं: आमचं दुखत नाही, ही आमची तक्रार आहे. दादांनी ती ओळ दोनदा वाचली. "चांगली आहे," म्हणाले, "पण लोकांना कळणार नाही. दुखतं असं कर." मी तसं केलं. खूप थकले होते. पत्रक बसस्टँडवर वाटलं, बरंचसं तिथेच खाली पडलं.

बाबांना बाजारात बसून करायचं काम मिळालं, पोत्यांची तोंडं शिवायचं. हातात दाभण आणि सुतळी. डॉक्टर हातांबद्दल बोलली होती ते मायने मनात धरून ठेवलं होतं. एकदा घरीच फाटकं पोतं शिवताना दाभण बाबांच्या बोटात गेली, आणि ते कळवळले, दाभणीला शिव्या दिल्या. माय भाकरी टाकून उठून आली. "दुखलं?"

"दुखलं म्हणजे? आरपार गेली असती."

"पण दुखलं न?" ती म्हणाली आणि परत चुलीपाशी गेली. तिच्या चालण्यातच समाधान दिसत होतं. बाबा मला म्हणाले, "पाह्य, हिले आनंद झाला." गोळ्या मात्र ते आता रोज घ्यायला लागले होते, मायच्या नजरेसमोर, तोंड वाकडं करून.

घरी सोडताना डॉक्टरने सांगितलं होतं की पाय रोज बघायचे. नुसते बघून भागणार नाही, हात लावून दोन्ही पायांची तुलना करायची. एखादी जागा दुसऱ्या पायापेक्षा गरम लागली तर आत काहीतरी सुरू आहे असं समजायचं, आणि दुखायची वाट न बघता यायचं. तळहात नको, मायला सांगितलं होतं, हाताची मागची बाजू लावा. मायने ती लावून बघितली. पण वाफेने, चुलीच्या धगीने तिचे हात मनगटापर्यंत सारखेच झाले होते. कोपर लावायचं तर बाबांचा पाय हलायचा, तोल जायचा. मग तिने तिची तोड काढली, आणि ती मला सांगितली नाही.

मला ते दिसलं असंच एका संध्याकाळी, मी न कळवता घरी गेले तेव्हा. बाबा खाटेवर बसलेले. माय खाली जमिनीवर, दोन्ही हातांत त्यांचा डावा पाय धरून, तळव्यावर गाल टेकवून बसली होती. डोळे मिटलेले.

त्याच आठवड्यात मी मोर्शीला बायकांच्या सभेत बोलून आले होते. नवऱ्याच्या पायावर डोकं ठेवणं, पाय धुणं, पाय चेपणं, यावर. टाळ्या पडल्या होत्या. आणि इथे माझी स्वतःची माय. मी पिशवी आपटली. "हे काय चाललं आहे? या घरात हे कधीपासून?"

बाबांनी पाय ओढून घ्यायला बघितलं. त्यांना लाज वाटली. मायने सोडला नाही. "थांबा," त्यांना म्हणाली. मग दुसरा पाय घेतला, जिथे अंगठा नव्हता तिथपासून टाचेपर्यंत गाल लावत गेली. पूर्ण झाल्यावरच माझ्याकडे वळली.

"हात तं गेले माये," ती म्हणाली. "गाल तेवढा राह्यला. गालावर कोणी भाकर थापली नाई अजून."

"मी येऊन बघत जाईन न."

"तू रविवारी येशीन. पाय सोमवारी बिघडला तं?"

मी हात-पाय धुवून जेवायला बसले. भाषण कुठेच लागू पडत नव्हतं. पायाशी बाई बसलेली दिसली की काय समजायचं हे मी ठरवून टाकलं होतं, आणि ते ठरवणं चुकीचं नव्हतं, आजही नाही. फक्त त्या दिवशी माय तिथे दुसऱ्याच कामासाठी बसली होती.

उन्हाळ्यात मायची दाढ सुजली. गाल हा असा, तापलेला. मी घरी होते. संध्याकाळी तिने खाटेकडे हात केला. "आज तू पाह्य. माया गाल आज खोटं सांगते, सगळंच गरम लागून राह्यलं."

मी जमिनीवर बसले. बाबा छताकडे बघायला लागले. उजवा पाय घेतला, तो धुतलेला होता, साबणाचा वास येत होता. गाल टेकवला. टाच खरबरीत, भेगाळ, थंड. मधली पोकळी मऊ, थंड. मग डावा. बोटं थंड. पोकळी थंड. टाचेच्या आतल्या अंगाला एक जागा, असेल रुपयाच्या नाण्याएवढी, तिथे गाल थबकला. वरून काही दिसत नव्हतं. लाली नाही, सूज नाही. पुन्हा उजव्या टाचेला लावून पाहिला, पुन्हा डाव्या. ती जागा गरम होती.

"माय," मी म्हणाले.

ती गालाला फडकं धरून आली. माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि काही न विचारता खुंटीवरचा बाबांचा सदरा काढला.

"काहून?" बाबा म्हणाले. "दुखत नाई मले तिथं."

"कोणी विचारलं?" मी म्हणाले, आणि रिक्षा बघायला बाहेर पडले.